‘राम’ चालतो, ‘सुनीता’ अडते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेचा दाखला, संस्थेची पावती, पाणीपट्टीचे बिल यांवर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग छापून आली की खिडकीपलीकडून ठरलेले उत्तर मिळते : ‘सिस्टिम मराठी घेत नाही.’ आपण ते ऐकून घेतो आणि पेनने नाव लिहून आणतो. पण हे उत्तर खरे नाही. सिस्टिम मराठी घेते. प्रोग्रॅममधल्या कुठल्या तरी एका ओळीत फाइल उघडताना तिचे एन्कोडिंग, म्हणजे आकड्यांवरून अक्षरे ओळखण्याचा तक्ता, सांगायचे राहून गेलेले असते, आणि ती ओळ दुरुस्त करायला बहुतेक वेळा पाच मिनिटे पुरतात. ती सापडायला लागणारा वेळ वेगळा.

फाइल उघडली की प्रोग्रॅमच्या हाती अक्षरे येत नाहीत. येते ती ० ते २५५ या आकड्यांची रांग, म्हणजे बाइट्स. पाण्यासारखी ती एका टोकाने येते आणि दुसऱ्या टोकाने जाते, म्हणून तिला स्ट्रीम म्हणायचे. या आकड्यांची अक्षरे करणारा एक थर मध्ये बसवावा लागतो. जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत त्याला रीडर आणि रायटर म्हणतात, पायथन या दुसऱ्या भाषेत फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडली की तो आपोआप बसतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर याचा तक्ता त्या थराला सांगावा लागतो. नाही सांगितला, तर तो बऱ्याचदा यंत्रावर जो असेल तो घेतो. भारतीय इंग्रजी सेटिंगच्या विंडोजवर हा तक्ता ‘१२५२’ क्रमांकाचा असतो. तो पश्चिम युरोपच्या भाषांसाठी बनवलेला, त्यात देवनागरी नावालाही नाही.

यूटीएफ-८ हा सगळ्या लिप्या सामावून घेणारा तक्ता. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेते. पहिला बाइट नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५, तिसरा चिन्हाप्रमाणे बदलतो. ‘मराठी’ हा शब्द म, र, काना, ठ, वेलांटी अशा पाच चिन्हांचा, म्हणजे १५ बाइट्सचा. हेच १५ बाइट्स १२५२ च्या तक्त्यातून वाचले तर काय होते पाहा. २२४ म्हणजे डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए, १६४ म्हणजे चार टोके फुटलेले वर्तुळ. ‘म’चा तिसरा बाइट १७४, तिथे वर्तुळातला आर येतो, मालावर नोंदणीकृत व्यापारचिन्हाशेजारी असतो तो. ‘र’ची होते तापमानाच्या अंशाची खूण, कान्याचा होतो पाऊण, ‘ठ’च्या जागी कोरी जागा उरते आणि वेलांटीच्या वाट्याला जपानी येन व युरोपचा युरो येतात. फाइलभर तो रेघवाला ए तीन-तीन घरांवर पुन्हा पुन्हा दिसला, तर रोग ओळखायला आणखी काही लागत नाही : मजकूर यूटीएफ-८ चा आहे, वाचणारा चुकीच्या तक्त्याने वाचतो आहे. मूळ फाइल शाबूत असते, हे यातले सुदैव.

खरी मेख पुढे आहे. १२५२ च्या तक्त्यात पाच घरे रिकामी आहेत : १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. मराठीत त्यांच्यावर नेमके कोण येऊन बसते? ऱ्हस्व उकार १२९ वर. पाय मोडण्याची खूण १४१ वर, म्हणजे प्रत्येक जोडाक्षर. ‘ए’ १४३ वर, ‘ऐ’ आणि ‘ॐ’ १४४ वर, ‘झ’ १५७ वर. पायथन अशा घरावर येताच त्रुटी दाखवून थांबते. जावाचा साधा रीडर काहीच न बोलता तिथे ‘अक्षर कळले नाही’ अशी खूण ठेवून पुढे जातो आणि मूळ आकडा कायमचा जातो. याउलट ‘राम’, ‘सीता’, ‘गीता’ यांतला एकही बाइट या पाच घरांवर पडत नाही. ते चुकीच्या तक्त्याने वाचले आणि त्याच चुकीच्या तक्त्याने परत लिहिले, तरी बाइट्स जसेच्या तसे बाहेर येतात. दोन चुका एकमेकींना खोडून काढतात. चाचणी करणाऱ्याने ‘राम’ टाइप केले, ‘राम’ छापून आले, सही झाली. मग सुनीता, एकनाथ, झुंबर आणि लक्ष्मण खिडकीशी येतात.

प्रश्नचिन्हांची गोष्ट याहून वेगळी. ती वाचताना पडत नाहीत, लिहिताना पडतात. प्रोग्रॅमच्या आत ‘मराठी’ व्यवस्थित असते, पण लिहिणाऱ्या थराला १२५२ चा तक्ता मिळालेला असतो आणि त्यात ‘म’ला घरच नसते. जावाचा रायटर अशा वेळी ६३ हा आकडा, म्हणजे प्रश्नचिन्ह, लिहून मोकळा होतो. पाच चिन्हांची पाच प्रश्नचिन्हे. नावात किती चिन्हे होती एवढेच त्यातून कळते. नाव परत मिळत नाही, कारण ते त्या फाइलमध्ये कधी उतरलेलेच नसते. हे काम रात्री आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमचे असेल आणि त्याने जुनी फाइल पुसून नवी लिहिली असेल, तर बॅकअपशिवाय गत्यंतर नाही.

जावाच्या १८ व्या आवृत्तीपासून, म्हणजे मार्च २०२२ पासून, काही न सांगितल्यास यूटीएफ-८ धरले जाते. पण अनेक कचेऱ्यांत आठवी आणि अकरावी आवृत्ती अजून सुखाने नांदते आहे, आणि अकरावीच्या आधी तर ‘फाईलरीडर’ला एन्कोडिंग सांगायची सोयही नव्हती. प्रात्यक्षिकांच्या वह्यांतून तीच जुनी ओळ पिढ्यान्पिढ्या उतरवली जाते, उदाहरणातला मजकूर ‘हॅलो वर्ल्ड’ असल्याने ती चालतेही. त्याऐवजी ‘फाइल्स’ वर्गातील ‘न्यूबफर्डरीडर’ आणि ‘न्यूबफर्डरायटर’ शिकवावेत. ते आठव्या आवृत्तीपासून एन्कोडिंग न सांगताही यूटीएफ-८ च धरतात, आणि बाइट्स चुकीचे आढळले तर गप्प न बसता त्रुटी फेकतात. पायथनमध्ये ‘ओपन’ लिहिताना ‘एन्कोडिंग’ला यूटीएफ-८ द्यावे, दरवेळी. त्रुटी आली म्हणून ‘एरर्स’ला ‘इग्नोर’ देण्याचा उपाय काही जण सुचवतात. त्याने त्रुटी जाते आणि तिच्याबरोबर अक्षरेही जातात. असा सल्ला देणाऱ्याच्या स्वतःच्या नावात जोडाक्षर नसावे.

तक्ता बरोबर असूनही होणारी एक चूक आहे आणि ती जास्त चिवट आहे. मोठा मजकूर तुकड्या-तुकड्यांनी वाचतात; ८१९२ बाइट्सचा तुकडा ही फार रुळलेली सवय. ८१९२ ला ३ ने भागा, बाकी २ उरते. म्हणजे सलग देवनागरीत २७३० चिन्हे पूर्ण येतात आणि पुढच्याचे दोन बाइट्स या तुकड्यात, तिसरा पुढच्यात. प्रत्येक तुकड्याची तिथल्या तिथे अक्षरे केली, तर सांध्यावरचे चिन्ह दोन्हीकडे अर्धवट पडून नासते. दहा हजार नावांच्या यादीत दर काही पानांनी एखादेच नाव बिघडलेले दिसते ते यामुळे, आणि दोष मात्र टंकलेखकाला लागतो. उपाय असा : तुकड्यांची अक्षरे हाताने करू नयेत. बाइट्सच्या स्ट्रीमवर रीडर चढवावा. तो उरलेले दोन बाइट्स जपून ठेवतो आणि पुढच्या तुकड्याला जोडतो. नोडमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टचे प्रोग्रॅम ब्राउझरबाहेर चालवताना, स्ट्रीमला ‘सेटएन्कोडिंग’ सांगितले की हेच होते.

एक्सेलबद्दल दोन शब्द, कारण शेवटी सगळे तिथेच येते. यूटीएफ-८ ची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी यादी) नुसती डबलक्लिक करून उघडली, तर विंडोजवर एक्सेल ती १२५२ ने वाचू शकते. फाइलच्या सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे तीन बाइट्स असले तर ती यूटीएफ-८ म्हणून ओळखली जाते. पायथनमध्ये त्यासाठी ‘यूटीएफ-८-सिग’ आहे. तीच फाइल परत जावात वाचली तर हे तीन बाइट्स पहिल्या शीर्षकाला अदृश्यपणे चिकटून राहतात आणि ‘क्रमांक’ नावाचा रकाना डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही. कडेच्या कोऱ्या जागा काढणाऱ्या ‘ट्रिम’ने ते निघत नाहीत, पहिले चिन्ह तपासून मुद्दाम काढावे लागते. एक्सेलमधून साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडावा. साध्या ‘सीएसव्ही’त मराठीची प्रश्नचिन्हे होतात. आणि विंडोजवर पायथनने लिहिलेल्या यादीत एकाआड एक कोरी ओळ येत असेल, तर ‘ओपन’मध्ये ‘न्यूलाइन’ रिकामे द्यायचे राहिले आहे.

लिहून झाल्यावर फाइल बंद करणे हेही कामच आहे. रायटर अक्षरे आधी बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, साठवतो. प्रोग्रॅम मध्येच मेला तर यादीतली शेवटची नावे तिथेच राहतात. जावात ‘ट्राय’च्या कंसात, पायथनमध्ये ‘विथ’ने फाइल उघडली की ती बंद व्हायची राहत नाही. जुनी यादी बदलायची असेल तर थेट तिच्यावर लिहू नये, कारण लिहिण्यासाठी उघडताच ती रिकामी होते. शेजारी नवी फाइल लिहावी, बंद करावी, मग नाव बदलावे.

माझी मागणी छोटी आहे. कोणत्याही संस्थेने सॉफ्टवेअर ताब्यात घेताना एक चाचणी करारात लिहून घ्यावी. यादीत सुनीता, एकनाथ, ऐश्वर्या, झुंबर, लक्ष्मण आणि ॐकार ही नावे टाकावीत, फाइल बाहेर काढावी, परत आत घ्यावी आणि नावे मूळ यादीशी ताडून पाहावीत. शिवाय ३००० ‘म’ सलग लिहिलेली एकच ओळ असलेली वेगळी फाइल. ती तीनदा चालवावी : तशीच, सुरुवातीला एक रोमन अक्षर घालून आणि दोन घालून. तिसऱ्या खेपेला ८१९२ चा काप बरोबर दोन ‘म’च्या मधून जातो आणि चूक असली तरी दिसत नाही, म्हणून एकाच खेपेवर सही करू नये.

आपला,
सॉफ्टवेअर चाचणीचे काम करणारा एक वाचक, पुणे