आईच्या खांद्यासाठी, शांघायहून

ती. आई-बाबांस सा. न.

आई, ब्लाउजची हुकं आता बाबा लावतात आणि डाव्या कुशीवर वळलं की कळ येते, हे तू हसत सांगितलंस, पण मला काही हसू आलं नाही. बाबांनी विचारलं, चिनी लोक सुया टोचून खांदा मोकळा करतात ते खरं का? फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

खांदा असा आखडणं, म्हणजे फ्रोझन शोल्डर, इथेही पन्नाशीचंच दुखणं मानतात. आमच्या घरमालकीणबाईंचा खांदा असाच जाम झाला होता, तेव्हा मी त्यांच्यासोबत हॉस्पिटलात गेले होते. आधी एक्स-रे, मग त्याच इमारतीत चिनी वैद्यकाचा विभाग. डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि सांगितलं की वारा, थंडी आणि ओल खांद्यात शिरून रक्त आणि 'छी', म्हणजे त्यांच्या मते अंगात फिरणारी प्राणशक्ती, अडून बसलीय. (आजी असती तर 'वात' म्हणून मोकळी झाली असती.) खांद्याभोवती केसासारख्या बारीक सुया टोचल्या. पण खरी गंमत पुढे होती. गुडघा आणि घोटा यांच्या मध्यावर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला थ्याओखौ नावाची जागा आहे, तिथे एक लांब सुई घातली. ती फिरवत डॉक्टर म्हणत होते, हात उचला, अजून वर, आता मागे न्या. बाई तोंड वेडंवाकडं करत होत्या, पण हात हलवत होत्या. दुखणं खांद्यात आणि सुई पायात! मला विचारशील तर गोम सुईपेक्षा त्या हलवण्यात आहे.

नंतर शेक. आपल्या दवण्याच्या जातकुळीतली एक वनस्पती वाळवून, कुटून तिची कांडी करतात आणि पेटवून कातडीपासून थोडी दूर धरतात. खोलीभर धूर. आई, हा प्रकार तुला नको. तुला डायबेटिस आहे, तळव्यांना बधिरपणा येतो म्हणतेस. खांद्यालाही चटका बसलेला वेळेवर कळला नाही तर जखम चिघळेल. काढेसुद्धा नकोत. सांधेदुखीच्या काही चिनी औषधांत बचनाग हे विषारी मूळ असतं, आणि बाबा, कुणी पार्सलने मागवून देतो म्हणालं तरी घेऊ नका.

सुयांनी दुखणं काही काळ कमी होतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, पण अभ्यास लहान आणि कच्चे आहेत. खांदा त्यांनी लवकर सुटतो, असं मी छातीठोक सांगणार नाही. आधी दुखतो, मग आखडतो, मग हळूहळू सुटतो. या सगळ्याला एक ते तीन वर्षं लागतात, आणि साखर वाढलेली असेल तर आणखी रेंगाळतं. म्हणून आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ते स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवतील तर साखरेचं त्यांना आधी सांगा, कारण त्यानंतर काही दिवस ती चढते. मग सुया करायच्याच असतील तर करा. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा वेगळा कायदा आहे, तेव्हा नोंदणी केलेलाच माणूस गाठा, आणि सुया दर वेळी नव्या पाकिटातून काढतोय ना ते डोळ्यांनी बघा. खांद्याच्या वरच्या बाजूला सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते, म्हणून शिकाऊ हात नको.

इथल्या म्हाताऱ्यांचा एक व्यायाम मात्र आजपासून कर. भिंतीसमोर उभी राहा आणि बोटांनी भिंत चढत जा, कळ सोसवेल तिथपर्यंतच. देवघराशेजारी पेन्सिलने खूण कर. आधी दहा मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीने शेक. पिशवी टॉवेलात गुंडाळून, आणि पाणी बाबांनी हाताला लावून बघायचं.

बाबा, तुम्ही तिचा हात धरून वर ओढता ते बंद करा. आणि कोपऱ्यावरच्या त्या मालिशवाल्याला तर अजिबात बोलवायचं नाही.

एचबीए१सीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, रिपोर्ट आला की फोटो पाठवा. पापड लाटायला यंदा शेजारच्या काकूंना बोलवा, आई, तू फक्त देखरेख करायची.

तुमची
छकुली