टाकी मुद्दाम मोठी घेतली आहे

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही तिघंही खुशाल आहोत. गेल्या रविवारी फोनवर आईने तीनदा विचारलं, "अरे, घरात कोट घालून का बसलायस?" आणि मी विषय बदलला. आता सगळं मार्गी लागलंय म्हणून लिहितो. आमचा बॉयलर बंद पडला होता. नऊ दिवस. पण छोटूचे हाल झाले नाहीत. पाण्याच्या टाकीत विजेचं कॉइलही असतं, आपल्या गीझरसारखं. त्यावर रोज त्याच्या अंघोळीपुरतं पाणी तापत होतं आणि रात्री आम्ही तिघं एकाच खोलीत झोपत होतो. उगाच आधी कळवून तुमची झोप कशाला उडवायची?

बाबा, तुमचा पहिला प्रश्न ठाऊक आहे, दुरुस्त का नाही केला? केला असता. पण गॅसच्या ज्वाळेची उष्णता ज्या भागातून पाण्यात उतरते त्यालाच चीर गेली होती, आणि त्या मॉडेलचे सुटे भाग आता मिळत नाहीत. इथला बॉयलर म्हणजे नुसता अंघोळीचा बंब नव्हे. तोच सगळ्या खोल्यांतल्या रेडिएटरमधून गरम पाणी फिरवतो. जानेवारीत तो बंद म्हणजे घरच बंद.

आणि आई, तुझी ती भीती. बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं गुदमरल्याच्या बातम्या तू मला अजून पाठवतेस. नवा बॉयलर बंद पेटीतला आहे. जळायला लागणारी हवा तो बाहेरून घेतो आणि धूरही बाहेरच सोडतो, भिंतीतून गेलेल्या एकात एक बसवलेल्या दोन नळ्यांतून. खोलीतली हवा तो वापरतच नाही. शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलाय, आणि इथे ब्रिटनमध्ये 'गॅस सेफ' या गॅस कारागिरांच्या अधिकृत नोंदवहीत नाव असलेल्या माणसाशिवाय कुणी अशा बॉयलरला हात लावणं बेकायदा आहे. मी त्याचं ओळखपत्र मागून पाहिलं. तेव्हा ती काळजी सोड.

निवड करताना मात्र डोकं फिरायची वेळ आली. बहुतेक लोक आता 'कॉम्बी' घेतात. त्यात टाकीच नसते. नळ सोडला की पाणी तापायला लागतं. जागा वाचते, साठवलेलं पाणी निवत नाही. पण थंडीत इथे नळाला पाच-सहा अंशांचं पाणी येतं, आणि ते अंघोळीइतकं तापवायचं तर 24 किलोवॅटचा कॉम्बी मिनिटाला जेमतेम 10 लिटर देतो. एकाला भरपूर, दोघांनी एकदम नळ सोडले की दोघांचीही नुसती धार. हीट पंपाचाही, म्हणजे बाहेरची उष्णता विजेवर ओढून घर तापवणाऱ्या यंत्राचाही, विचार केला. त्याला सरकार 7,500 पाउंड अनुदान देतं. पण आमचे रेडिएटर त्याला लहान पडतात, ते बदलून परवानग्या मिळेपर्यंत महिने गेले असते. म्हणून बॉयलर गॅसचाच, आणि सोबत 210 लिटरची टाकी. तिच्या आतलं, बॉयलरचं गरम पाणी फिरणारं कॉइल मोठं घेतलंय, म्हणजे पुढे हीट पंप बसवला तरी टाकी तीच चालेल.

बसवणाऱ्याने आधी स्वयंपाकघरातल्या नळाखाली मापाचं भांडं धरून घड्याळ लावलं. मिनिटाला 22 लिटर. "पुरे," म्हणाला, "थेट पाइपावर चालेल, आता माळ्यावरची टाकी काढू." इथेच ते दोन नळांचं कोडं सुटतं, ज्यावर आई तू इतकी वैतागली होतीस. डावीकडे उकळतं, उजवीकडे बर्फ, आणि मधे काहीच नाही. तू ओंजळ या नळाखालून त्या नळाखाली न्यायचीस. कारण असं की गार पाणी थेट रस्त्याखालच्या मुख्य पाइपातून यायचं, प्यायचं. गरम पाणी मात्र माळ्यावरच्या टाकीतून, जिच्यात धूळ, किडे, काहीही पडू शकतं. ते उलटं वाहून पिण्याच्या पाण्यात मिसळू नये म्हणून नियमच कडक होते, आणि दोन्हींचा दाबही वेगळा. म्हणून नळ वेगळे. पुढे टाक्या गेल्या तरी लोकांची सवय राहिली, नव्या घरांतही मुद्दाम दोन नळ लावणारे आहेत. आमच्याकडे आता दोन्ही पाणी एकाच पाइपातून, एकाच दाबाने येतं, त्यामुळे कालच एक नळ बसवला. कोमट पाणी येतं, आई. थेट.

टाकीतलं पाणी 60 अंशांवर ठेवतो, नाहीतर साठलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेलाचे, फुप्फुसाचा आजार करणारे, जंतू वाढतात. रेडिएटरचं 55 वरच. परतीचं पाणी जितकं गार, तितकी धुरातली वाफ बॉयलरमध्येच पाणी होऊन आपली उष्णता देते. बाबा, तुम्ही आलात की हे दाखवेन, तुम्हाला आवडेल.

आम्हा तिघांना 150 लिटर पुरलं असतं. पण गेल्या खेपेला आई सगळ्यांच्या शेवटी अंघोळीला जायची आणि "छान होतं पाणी" म्हणायची. त्या नऊ दिवसांत शेवटचा नंबर माझा होता. तेव्हा कळलं तू कसल्या पाण्याने अंघोळ करत होतीस. दीड महिना.

आता पैशांचं. मनूच्या लग्नासाठी मार्चमध्ये तीन लाख पाठवतो म्हणालो होतो. दोन पाठवतो, 10 तारखेच्या आत. उरलेला लाख एप्रिलच्या पगारातून, नक्की. बाबा, तेवढ्यासाठी एफडी मोडू नका, कार्यालयवाल्याला मी स्वतः फोन करतो. बॉयलरपायी रजाही गेली, त्यामुळे सूनबाई आणि छोटू आधी येतील, मी लग्नाच्या चार दिवस आधी. केळवणं चुकतील. मनूला हे मीच सांगणार आहे, तुम्ही आधी बोलू नका. आणि लग्न उरकलं की तुमच्या तिकिटांचं बघतो, या वेळी थंडीतच या.

तुमचा,
बंडू