आजी ट्रॅफिक पोलीस

फोंडा, मंगळवार रात्र

प्रिय शमे,

तब्येत बरी, गुडघा आहे तसाच, ह्यांची शुगर आटोक्यात. झालं. आता मुद्द्याचं, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर आधी मलाच अक्कल शिकवतील.

बायची ती वही तुला माहितीय ना, बँकेची जुनी डायरी, तारखांवर पांढरा पोस्टर कलर फासून वर चित्रं काढते ती. आता इतकी फुगलीय की मिटत नाही, रबर लावून ठेवते. कदंबा बसची तिकिटं, पोदेराच्या पावाचा कागद, सुकलेली अबोली, सगळं फेव्हिकॉलनं चिकटवलेलं आणि मधेमधे काळ्या जेल पेनाची गिचमीड. पातळ पानातून रंग मागे उतरतो म्हणून दोन-दोन पानं एकत्र चिकटवायची, हे तिचं तिनंच शोधलं. वही म्हटलं तर रागावते, आर्ट जर्नल म्हणायचं! नणंदेनं सुट्टीत एका क्लासला घातलेलं, तिथे किट विकत घ्या, वॉशी टेप, स्टिकर, आणि शेवटी सगळ्या मुलींची पानं एका प्रेसमधल्या लग्नपत्रिका. बाय म्हणाली, आई, तिथे काय काढायचं ते आधीच ठरलेलं असतं. सोडला क्लास.

गणिताच्या बाईंनीही बोलावलेलं, समासात भोवरे काढते म्हणून. मी तयारीनं गेले गं. म्हटलं, 2009 साली इंग्लंडात जॅकी आंद्राद नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 40 जणांना एक महाकंटाळवाणा फोन मेसेज ऐकवला, निम्म्यांना ऐकता ऐकता आकार रंगवायला दिले, तर रंगवणाऱ्यांना 29 टक्के जास्त आठवलं. बाई म्हणाल्या, म्हणजे माझा तास कंटाळवाणा आहे? आता ह्यावर काय बोलणार, सांग.

तर ते पान. बायची पाळी सुरू झाली हे तुला बोललेच होते. सासूबाईंचं तुला ठाऊक, स्वयंपाकघरात पाऊल नाही, देवखोलीकडे बघायचं पण नाही. मी भांडते, ह्यांचा पेपर अचानक महत्त्वाचा होतो. बाय काही बोलली नाही. तिनं पान केलं. वर ओळीनं भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, पिकलेली लालभडक, एका दिवसाला एक, शेवटचं अर्धंच रंगवलेलं. खाली स्वयंपाकघराच्या दारात आजी, ट्रॅफिक पोलीस, तोंडात शिट्टी, अंबाड्यात वळेसर, हात वर. आणि बाहेर बाय, पोटाला गरम पाण्याची पिशवी बांधून स्कूटरवर, सिग्नल हिरवा व्हायची वाट बघतेय. मी इतकी हसले की भात लागला.

आता ऐक. चवथीला वाचनालयात मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन आहे आणि तिला हेच पान द्यायचंय. गणपतीवर टांगतात त्या माटोळीचं इतकं सुंदर काढलंय, सुपारीचे घोस बिस, ते दे म्हटलं तर म्हणे ते सगळेच देतात. आणि सासूबाई तिथे दरवर्षी पहिल्या.

हे म्हणतात घरातलं बाहेर कशाला. मी म्हटलं, आपल्या लोटलीचा व्यंगचित्रकार मारियो मिरांडा लहानपणी भिंती रंगवायचा तर आईनं कोरी वही दिली, पाद्र्यांची चित्रं काढून शाळेत गोत्यात यायचा, आज पणजीत लोक त्याच्या चित्रांचे मग विकत घेतात. मेक्सिकोच्या चित्रकार फ्रिडा काहलोनं तर 1953 साली पाय कापायची वेळ आली तेव्हा डायरीत स्वतःची पावलंच काढली, तिचं दुखणं चालतं, आमच्या पोरीचं नाही? हे म्हणाले, फ्रिडाची आजी फोंड्याला राहत नव्हती. कधी नव्हे तो बरा बोलला माणूस.

तुला लिहितेय कारण तुझी निळी वही. काकूंनी बंबात घातली ती. त्यानंतर तू साधी रांगोळी काढली नाहीस, दिवाळीला ते छापे मारतेस. आणि परत सांगते, मी नव्हतं सांगितलं, तुझ्या भावानं दप्तर उचकलेलं, इतकी वर्षं आळ माझ्यावर! शिवाय त्या वहीत माझं नाक तसं काढायची काही गरज नव्हती.

नको म्हटलं तर मी काकू. हो म्हटलं तर सासूबाई चारचौघांत तोंडावर पडणार, आणि शमे, त्या वाईट नाहीत गं, त्याच बायला रात्री ओव्याचं पाणी करून देतात. पण खरं टोचतंय ते वेगळंच. ते पान लागावं असं मला वाटतं ते बायसाठी की माझ्यासाठी? लग्न झाल्यापासूनचं माझं भांडण ही एवढीशी पोर पुढे चालवतेय आणि मी मागून टाळ्या वाजवतेय, असं तर नाही ना? तिला विचारलं, आजीला आधी दाखवशील का? म्हणाली, दाखवीन, पण खोडणार नाही.

तुझं प्रमोशन झालं म्हणे, अभिनंदन, पार्टी बाकी. लेकाची दहावी, त्याचं डोकं खाऊ नको. सोसायटीतलं पाण्याचं मिटलं का?

पानं शुक्रवारी द्यायचीत. त्याआधी फोन कर, रात्री आठनंतर कर, तेव्हा सासूबाई सिरियल बघत असतात आणि मला मोकळं बोलता येतं.

तुझी,
कुंदा