टाक मोडीत न घेणाऱ्या सोनारकाकांना

तीर्थस्वरूप सोनारकाका,

साष्टांग नमस्कार.

यंदा पितृपक्षात एका दुपारी रुमालात बांधलेले चार टाक, देवघरातले देवांच्या प्रतिमांचे छोटे पत्रे, घेऊन मी तुमच्या पेढीवर आले होते. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. "मोडीत घालायचेत," एवढंच मी म्हणाले. तुम्ही ते तराजूत ठेवलेत, काटा स्थिर व्हायच्या आत उचललेत आणि विचारलंत, "बाई, देव का मोडता?"

मला रडू आलं. दुकानात नीट सांगता आलं नाही, ते आज लिहिते.

ते टाक आईचे. घोड्यावरचा खंडोबा आणि म्हाळसा, तुळजाभवानी, भैरोबा आणि घराण्यातला एक वीर. मला भाऊ नाही. वडील आधीच गेलेले, आई चैत्रात गेली, आणि तिचं देवघर रिकामं करायची वेळ माझ्यावर आली. माझं सासर वारकरी. देवघरात विठ्ठल-रखुमाई, शेजारी ज्ञानेश्वरी, सासऱ्यांच्या गळ्यात माळ. कुळाचे टाक मुलांकडे जातात, लेकीकडे नाहीत. सासरच्या देवात माहेरचा देव ठेवला तर दोन्ही रुसतात, नदीत सोडा नाहीतर आटवा, असं नात्यातल्या एका जाणत्या बाईंनी मला बजावलं होतं. मी सहा महिने ते टाक कपाटात, साड्यांच्या घडीत ठेवले. रोज सकाळी विठ्ठलाला हात जोडताना मन कपाटाकडे जाई. देवापुढे उभं राहून चोरटं वाटणं काय असतं, ते त्या दिवसांत कळलं.

तुम्ही उपदेश केला नाहीत. शेल्फावरून उजाळ्याला आलेलं एक ताम्हन काढलंत. त्यात पाच देवांचं पंचायतन होतं: महादेवाचा नर्मदेतला बाण, विष्णूचा गंडकीतला शाळिग्राम, गणपतीचा तांबडा शोणभद्र, देवीचा आणि सूर्याचा खडा. बाण मध्ये होता. तुम्ही तो उचलून कोपऱ्यात ठेवलात आणि शाळिग्राम मध्ये आणलात. "हे शैवाच्या घरचं, म्हणून महादेव मध्ये. वैष्णवाकडे विष्णू मध्ये येतो, गाणपत्याकडे गणपती. ज्याचं इष्ट त्यानं मध्ये ठेवावं. पण उरलेल्या चौघांना कुणी ताम्हनाबाहेर काढत नाही." मग ते पुन्हा होते तसे मांडलेत, अगदी हलक्या हातानं, कारण ते दुसऱ्याचे देव होते.

आणि मग तुम्ही नरहरी सोनारांची गोष्ट सांगितलीत. मी ती कीर्तनात कितीदा ऐकली होती, पण सोनाराच्या तोंडून पहिल्यांदाच. कीर्तनकार साक्षात्कारावर रमतात. तुम्ही मापावर थांबलात. पंढरपुरात राहून विठ्ठलाचं तोंड न पाहणारा कट्टर शिवभक्त, आणि त्याच्याकडे काम आलं ते विठ्ठलाच्या कमरेच्या करगोट्याचं. आणून दिलेल्या मापावर केला, तर एकदा लांब झाला, एकदा आखूड. "सोनाराला याहून मोठी नामुष्की नाही," तुम्ही म्हणालात, आणि तुमचा चेहरा खरंच उतरला, जणू तो करगोटा तुमच्याच हातून चुकला होता. शेवटी माप घ्यायला ते डोळ्यांना पट्टी बांधून राउळात गेले. इथे तुम्ही स्वतःचे डोळे मिटलेत आणि माझ्या खंडोबाच्या टाकावरून बोट फिरवत राहिलात. बोटांना जटा लागल्या, साप लागला, व्याघ्रचर्म लागलं. घाईनं पट्टी सोडली, तर समोर कटीवर हात ठेवलेला विठ्ठल. 'देवा तुझा मी सोनार' म्हणणारा माणूस त्यानंतरचा. शिव त्यांनी सोडला नाही, हे तुम्ही मला दोनदा सांगितलंत.

निघताना म्हणालात, "सासरे वारीला जातात ना? मग पालखी जेजुरीला पोचते तेव्हा काय होतं, ते त्यांनाच विचारा."

मी घाबरत विचारलं. सासरे काही बोलले नाहीत. उठले, वारीची पडशी काढली आणि ज्ञानेश्वरीच्या मागे एक कागदाची पुडी ठेवलेली होती, तीही पुढे आणली. पुडीत भंडारा होता. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी सासवडनंतर जेजुरीला येते, तेव्हा तिच्यावर भंडारा उधळतात, हे मी ऐकून होते. तिथला भंडारा दरवर्षी आमच्या घरी येतो आणि विठ्ठलाच्या पाठीशी राहतो, हे मात्र एकाच घरात चौदा वर्षं राहून मला माहीत नव्हतं. "खंडोबा माझ्या वाटेवरचा देव आहे गं," ते म्हणाले. "टाक कुठं ठेवलेस?"

त्या दिवसापासून मी खंडोबाकडे नव्यानं बघते. त्याची म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. मुसलमान भक्त त्याला मल्लूखान म्हणतात. इतक्या घरांना ज्यानं आपलं म्हटलं, तो माझ्या आईच्या लेकीच्या घरी रुसून बसेल, असं मला वाटलंच कसं?

टाक तुमच्याकडेच ठेवून गेले होते, ते चौथ्या दिवशी न्यायला आले. घोड्याच्या पुढच्या पायाला गेलेली भेग तुम्ही सांधली होती. रिठ्याच्या पाण्यानं चारही टाक लखलखीत झाले होते, पण खंडोबाच्या टाकामागच्या खाचेतली पिवळी रेघ तशीच होती. "तो आईंच्या हातचा भंडारा आहे, म्हणून ब्रश नाही लावला," तुम्ही म्हणालात. मजुरी फक्त सांध्याची घेतलीत. काका, आईच्या हातचं माझ्याकडे आता फार थोडं उरलंय. ती रेघ तुम्ही राखलीत, याचे आभार कसे मानायचे ते मला अजून कळलेलं नाही.

टाक आता विठ्ठलाच्या डाव्या बाजूला, आईच्याच तांदळांवर आहेत. मध्ये विठ्ठल आहे, कारण माझा जीव तिथे आहे. सासरे बुक्का लावतात आणि त्याच बोटानं खंडोबाला भंडारा वाहतात.

मार्गशीर्षात चंपाषष्ठीला आमच्याकडे पहिल्यांदाच खंडोबाची तळी भरणार आहे. सासऱ्यांचा चातुर्मासातला कांदा-वांग्याचा नेमही त्याच दिवशी सुटेल. बाजरीचा रोडगा आणि वांग्याचं भरीत आईच्या पद्धतीनं करणार आहे. तुमचा डबा घेऊन दुपारी पेढीवर येते.

तुमची,
चार टाकवाली