पुढच्या सालचे भोपळे

मिरज

लाडक्या बेटीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "अब्बा, स्टुडिओत दिवसभर हात चालतो. पण घरी येऊन स्वतःचा कागद समोर घेतला की काहीच येत नाही. माझ्यातलं संपलं वाटतं." त्यावर मी एवढंच म्हटलं, की जेवून घे आणि झोप. फोनवर मला नीट बोलता येत नाही, तुला ठाऊकच आहे. हातात काम असलं की मला सुचतं. तेव्हापासून तानपुऱ्याची दांडी तासता तासता जे मनात जुळत गेलं, ते लिहून पाठवतोय.

संपलेलं नाही, बेटा. बाप म्हणून धीर द्यायला हे म्हणत नाही, कारागीर म्हणून सांगतोय.

आपल्या माळ्यावर टांगलेले भोपळे तू लहानपणापासून बघत आलीस. ते येतात भीमेकाठून, मंगळवेढा-बेगमपूरच्या बाजूने. खायच्या कामाचे नसतात, कडू असतात, पण साल जाड आणि आकार मोठा. वेलावर पिकतात, मग वाळतात आणि मग आपल्याकडे येऊन पुन्हा वाळत पडतात. कापल्यावर पाण्यात भिजवायचे, आतला गर खरवडून काढायचा, आतून काठ्यांचा ताण देऊन तोंड गोल करायचं आणि परत वाळवायचं. गवई दारात येऊन उभा राहिला आणि त्या दिवशी भोपळा शोधायला निघालं, असं आपल्या धंद्यात कधी होत नाही. आज जो तानपुरा वाजतोय त्याचा भोपळा फार आधी कुणीतरी निवडून, टकटक करून, माळ्यावर चढवून ठेवलेला असतो.

तुझ्या दादांचा, म्हणजे माझ्या अब्बांचा, एक नियम होता. ऑर्डर असो नसो, हंगामात भोपळे घ्यायचेच. मंदीच्या सालात हात धजत नाही. घरात पैसा नाही, विकायला ठेवलेली वाद्यं तशीच पडून, आणि आणखी भोपळे कशाला, असं दादी म्हणायची. तरी दादा घ्यायचे. कारण मंदी कधी उठेल ते आपल्या हातात नाही, पण उठेल त्या दिवशी माळा रिकामा असला तर त्या साली आपण कारागीर नाही, नुसते दुकानदार.

आता तुझ्या कामाकडे बघ. स्टुडिओत तू रोज झाड काढतेस, भिंत काढतेस, संध्याकाळचं आभाळ काढतेस, दुसऱ्याच्या गोष्टीसाठी. चांगलं काम आहे ते, त्याला मी कमी लेखत नाही. मीही आयुष्यभर दुसऱ्याच्या गाण्यासाठीच वाद्यं केली. पण ती झाडं, त्या भिंती तू आणल्यास कुठून? तू पाठवलेल्या त्या गल्लीच्या चित्रात मी दर्ग्याच्या मागची वाट लगेच ओळखली. त्या दुसऱ्या चित्रातला पाण्याकडे उतरणारा दगडी जिना आपल्या कृष्णाघाटावरचा आहे. जंक्शनवरची पहाटेची गर्दी तर तू कितीदा वापरलीस. म्हणजे मिरजेत वाढताना जे साठलं त्यातून तू इतकी वर्षं काढत आलीस, आणि पुण्यात गेल्यापासून त्यात भर पडलेली नाही. घर ते स्टुडिओ, स्टुडिओ ते घर, वाटेत मान मोबाइलमध्ये. कागद कोरा राहतो तो हात गेला म्हणून नाही. माळा रिकामा झालाय म्हणून.

म्हणून माझं सांगणं असं, की काही दिवस चित्र काढूच नकोस. साठव. एक साधी, स्वस्त वही घे, महागडी नको, महाग कागदावर हात घाबरतो. रोज एक गोष्ट जागेवर उभं राहून बघायची आणि त्यात टिपायची. भाजीवाली मेथीची जुडी कशी बांधते. ओला रेनकोट खुंटीला टांगला की त्याची बाही कशी पडते. बसच्या काचेतून दुपारचं ऊन माणसांच्या मांडीवर कसं येतं. चार रेघा आल्या तर चार, नाही आल्या तर दोन ओळी लिहून ठेव. त्याचं पुढे काय होईल हे विचारायचं नाही. भोपळा घेताना कुणालाच कळत नाही, की याचा तानपुरा कुणाच्या हातात जाईल, की मध्येच तडकून जाईल. साल जाड आहे का, कीड नाही ना, एवढंच बघायचं.

आणि ती वही कुणाला दाखवायची नाही, मोबाइलवर टाकायची तर मुळीच नाही. तू चित्र टाकतेस आणि मग किती जणांनी बघितलं ते तासातासाला तपासतेस, हे अम्मीने मला सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस, तिला काळजी वाटते. ओलं लाकूड कापून जोडलं तर पुढे सांध्याला फट पडते. तशी नवी कल्पना ओली असताना चार लोकांच्या तोंडी दिली की ती ज्याच्या त्याच्या मताने वाकते.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. जवारी काढताना, म्हणजे तारेला झंकार यावा म्हणून घोडी घासताना, तू शेजारी बसायचीस. घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. तिचा तो माथा वरून सपाट दिसतो, पण तिथे अगदी बारीक उतार असतो, आणि तार त्यावर कशी टेकते यावर सगळा आवाज. कानस एक हात जास्त फिरली की झंकार बसतो. दोरा तारेखाली इकडचा तिकडे झाला की आवाज उघडतो नाहीतर मिटतो. हे डोळ्याने होत नाही, कानाने होतं. आणि कान थकतो. हात संध्याकाळपर्यंत टिकतो, कान टिकत नाही. म्हणून जवारी मी सकाळी काढतो, गल्ली जागी व्हायच्या आत. खरवडणं, घासणं, लाखेचं पॉलिश ही कामं दुपारनंतर. एखादा मोठा गवई संध्याकाळच्या गाडीने जायचा असला आणि घाई करत असला, तरी मी म्हणतो, मुक्काम करा, सकाळी देतो. काही जण रागावतात. पण संध्याकाळच्या कानाने काढलेली जवारी घेऊन ते मैफिलीत बसले तर जास्त रागावतील.

तू उलटं चालवतेस. सकाळचे ताजे डोळे स्टुडिओला देतेस आणि रात्रीचे थकलेले डोळे घेऊन स्वतःच्या कागदासमोर बसतेस. मग म्हणतेस काही येत नाही. कसं येणार? नोकरी सोड असं मी म्हणणार नाही. पगार लागतो, घरभाडं लागतं, आणि पोटाची काळजी असलेल्या माणसाकडून बारीक काम होत नाही, हे मी चांगलं जाणतो. पण सकाळचा थोडा वेळ, फोन हातात घेण्याआधीचा, स्वतःसाठी काप. थोडाच काप, पण रोज काप. रात्री फक्त हमाली कर. कागद कापून ठेव, पेन्सिलींना टोक काढ, रंगाच्या वाट्या धू, सकाळी कुठून सुरू करायचं ते टेबलावर मांडून ठेव. सकाळी उठून आधी विचार करत बसावं लागलं की तो वेळ विचारातच जातो.

रियाज गाणाऱ्यांना, चित्राला मूड लागतो, असं तू एकदा म्हणाली होतीस. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. अब्दुल करीम खाँसाहेब इथे मिरजेत राहिले. एवढा मोठा गवई, पण वाद्य दुरुस्त करायला स्वतः बसायचे, जवारीचा त्यांचा कान नावाजलेला होता. सुराची आस असलेला माणूस घोडी घासण्याला कमी दर्जाचं काम समजला नाही. 1937 मध्ये ते गेले, आणि आजही उरुसात दर्ग्याच्या आवारात त्यांच्या आठवणीत गवई येऊन गातात. त्या गर्दीत तू माझ्या खांद्यावर झोपायचीस.

तू कॉम्प्युटरची भीती सांगितलीस. एक ओळ लिहिली की मशीन चित्र काढून देतं, स्टुडिओतले लोक धास्तावलेत. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, कारण आम्ही ती भोगली आहे. आधी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी आली, मग तीच मोबाइलच्या ॲपमध्ये आली. शिकणाऱ्या पोरांच्या घरी जो पहिला तानपुरा जायचा, तो जायचा थांबला. गल्लीतली कितीतरी पोरं दुसऱ्या कामाला लागली, तूही त्यातलीच एक. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मान मिळाला, आनंद झाला, पण त्या कागदाने घोडी घासली जात नाही. तरी ज्याला खरा झंकार ऐकायचा असतो तो अजून येतो. असे लोक कमी आहेत, पण ते हक्काने येतात, आणि त्यांना फसवता येत नाही.

आणि आपण मुळात कोण, हे लक्षात आण. शिकलगार. तलवारींना धार लावणारे. हत्यारांचं काम सुटत गेलं, इथल्या पटवर्धन सरकारांकडे गवई-वादक यायचे, त्यांची वाद्यं बिघडायची. 1850 च्या सुमारास फरीदसाहेबांनी ती दुरुस्त करता करता नवीन घडवायला घेतली आणि ही सगळी गल्ली उभी राहिली. पोलादावरचा हात लाकडावर आला. काम गेलं, हात गेला नाही. तुझा हात कागदावर गेला, त्याचं मला दुःख नाही. भोपळ्यावर पेन्सिलीने पाकळ्या काढत बसायचीस तेव्हाच मला कळलं होतं.

सांगलीचे विष्णुदास भावेही असेच. 1843 मध्ये राजेसाहेब अप्पासाहेब पटवर्धनांच्या सांगण्यावरून त्यांनी 'सीता स्वयंवर' हे नाटक उभं केलं. पुढे 1851 मध्ये अप्पासाहेब वारले आणि आश्रय सुटला. भावे मंडळी घेऊन गावोगाव निघाले आणि 1853 मध्ये मुंबईत जाऊन त्यांनी तिकीट लावून खेळ केले. शाळेत सगळ्यांना पहिल्या खेळाची तारीख शिकवतात. मला वाटतं शिकवायला हवीत ती मधली दोन वर्षं, राजा गेल्यानंतरची.

एक काळजी मात्र मनात आहे. तू एकटी काम करतेस, कानाला हेडफोन लावून. आमच्या गल्लीत एकाची तार वाजली की दुसऱ्याला दुकानात बसून कळतं, की अजून थोडी उघडायला हवी. तो ओरडून सांगतो आणि आपण रागावत नाही. असं खरं सांगणारं माणूस पुण्यात शोध. कौतुक करणारे नकोत, ते भरपूर मिळतात. आठवड्यातला एक दिवस ठरवून त्याच्यासोबत बसा, एकमेकांचं काम बघा, चहा प्या. तुझ्या कॉलेजातली ती सोलापूरची मैत्रीण तिथेच असते ना? तिला फोन कर. बोलणं तुटलं असलं तरी कर.

तुनाच्या लाकडाची एक रुंद फळी उरली होती. तिचा ड्रॉइंग बोर्ड केलाय, मांडीवर घेऊन बसता येईल असा हलका, कडा गोल करून. तानपुऱ्याच्या तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी फळीला, लावतो तेच पॉलिश लावलंय. शनिवारी तुझा मामा पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. त्याला स्टेशनवर घ्यायला जा, त्याला रिक्षावाल्यांशी भाव करता येत नाही. अम्मी डब्यात शेंगदाण्याची चटणी देतेय. बोर्डाला वर क्लिप हवी की खाली, ते शुक्रवारपर्यंत कळव, म्हणजे भोकं पाडून ठेवतो.

तुझे
अब्बा