रविवारची आठवण: मणिभवन भेट

सभासदांनो, येत्या रविवारी सकाळी १० वाजता गावदेवीच्या लॅबर्नम रोडवर मणिभवनच्या दारात जमायचं आहे. ग्रँट रोड स्टेशनच्या पश्चिमेकडून चालत या.

आधी रस्त्यावरूनच दर्शनी भाग नीट पाहा. नक्षीदार लाकडी सज्जे असलेलं हे दुमजली घर रेवाशंकर जगजीवन झवेरी यांच्या कुटुंबाचं. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की इथेच उतरत. खालून रोज एक पिंजारी जायचा, त्याच्याकडून ते इथे कापूस पिंजायला शिकले. मला या घराची हीच गोष्ट सर्वांत जवळची वाटते, म्हणून वरच्या खोलीतले चरखे आणि बैठं मेज घाईत पाहू नका, ही विनंती. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे त्यांना अटक झाली ती गच्चीवरून. १९५५ मध्ये हे घर गांधी स्मारक निधीकडे आलं, म्हणून आज आपल्याला आत जाता येतं.

तळमजल्यावर ग्रंथालय आहे, तिथे शांतता पाळा. गुडघे दुखत असतील त्यांनी आधी कळवा, जिन्यावर सोबत राहू. नावं शुक्रवारपर्यंत गटावर द्या.