विज्ञानपेटी कुलपात

महोदय,
कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खालील सीएसआर निधीतून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या पैशातून, जिल्हा परिषद शाळांना पुस्तके, विज्ञानपेट्या मिळतात. पण पुस्तक डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढले की हरवल्यास भरपाई आपल्या माथी, ही शिक्षकाची धास्ती. मग कपाटाला कुलूप. सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या फुटतात, पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढते, आत विसरलेले सेल गळून पत्रा खातात. जलरंग तर सत्रभरही पुरत नाहीत! देणगी मात्र बहुधा एकदाच, आणि तीही वस्तूंचीच. देणगीदारांनी करारातच संपणाऱ्या सामानासाठी दरवर्षीची रक्कम, पुस्तकांच्या फाटतुटीला ठरावीक सूट आणि भिंगांच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी, एवढे लिहून द्यावे. उद्घाटनाच्या फ्लेक्सवर थोडा कमी खर्च झाला तरी चालेल.
– एक वाचक